काही राहिलं का?

आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली चार ड्रॉवर आहेत आणि तीन हँडलं. चौथा ड्रॉवर चमच्यानं उघडावा लागतो. त्यालाही कुठलाही चमचा चालत नाही. लग्नात आहेर म्हणून आलेल्या सहा चमच्यांतला, दांडा चपटा असलेला एकच चमचा त्या फटीत बरोबर बसतो. बाकीचे पाच चाळीतल्या पाच घरांत सुखानं नांदत आहेत. हा कामावर असल्यामुळे टिकला. एखाद्या पाहुण्यानं चहात साखर ढवळायला तो उचलला की आतून आमची ही ओरडते, "अहो, तो नको! ते हँडल आहे!"

वास्तविक आमच्या चाळीचा पुनर्विकास 'येत्या दिवाळीनंतर' होणार असल्यामुळे घरात एक खिळाही ठोकायचा नाही, असं आम्ही अकरा वर्षं ठरवून होतो. शेवटी २०१९ साली बायकोनं "कुठल्या दिवाळीनंतर?" असा एकच प्रश्न विचारला आणि सुतारमामांना बोलावणं गेलं. मामा अत्यंत गुणी माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, करवतीला हळदकुंकू वाहिलं, कानावर पेन्सिल ठेवली आणि ओट्याकडे असं पाहिलं की ओट्यालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटलं असेल. गणपतीच्या आदल्या आठवड्यात काम संपलं. म्हणजे मामांच्या मते संपलं. "एक हँडल कमी पडलं हो. उद्या येताना घेऊन येतो." तो उद्या काही उगवला नाही. मध्ये एक महामारी येऊन गेली, तिच्या दोन लाटाही येऊन गेल्या, मामा तेवढे आले नाहीत. रस्त्यात भेटायचे. मला बघून तेच आधी विचारायचे, "काय, कपाट कसं चाललंय?" मी म्हणायचो, "मस्त." रस्त्यात उभं राहून माणूस दुसरं काय म्हणणार?

तर या चमच्यानं मला विचार करायला लावलं. (बँकेत माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो, हा लोकांचा समज मी इथे दूर करत बसत नाही.) कामाला सुरुवात करायची म्हटलं की आपल्याकडे शब्दांची काय लयलूट आहे पाहा. श्रीगणेशा करा, मुहूर्त करा, भूमिपूजन करा, कोनशिला बसवा, उद्घाटन करा. आणि शेवटाला? आटोपलं. उरकलं. गुंडाळलं. बोऱ्या वाजला. त्यात एकही शब्द असा नाही की ज्याची पत्रिका छापावी. 'शेवटचं हँडल बसवण्याचा समारंभ अमुक अमुक यांच्या शुभहस्ते' असं निमंत्रण मला तरी आजवर आलेलं नाही.

'बंद' हा शब्द तर आपल्या तोंडातून निघतच नाही. माझी गिरगावातली आत्या दुकान बंद झालं असं कधी म्हणायची नाही, 'दुकान वाढवलं' म्हणायची. बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळसुद्धा जाणती माणसं फोडत नाहीत, वाढवतात. भावना मोठी शुभ आहे, पण व्यवहारात होतं असं की काम वाढवायला घेतलं की ते खरंच वाढतं. मामांचा अंदाज बावीस हजारांचा होता. वाढवता वाढवता तो एकतीस हजारांवर गेला, आणि तरी हँडलं तीनच.

आता माझा या विषयातला अधिकार सांगतो. मी कीर्ती कॉलेजचा बी.कॉम. आणि दादरच्या एका बँकेच्या शाखेत कारकून. कारकून होतो, असं म्हणायला हवं. २०२४ च्या द्विपक्षीय करारापासून आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, खुर्ची तीच, तिचं डगमगणारं चाकही तेच. फक्त हुद्दा सांगायला वेळ जास्त लागतो, आणि तो सांगून होईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरवर गेलेलं असतं.

बँकेची सगळी शिस्त ही दिवस नीट संपवण्याची शिस्त आहे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कॅशियर जागचा हलत नाही. कमी आली तर वाईटच, पण जास्त आली तर त्याहून वाईट, कारण जास्तीचे पैसे कुणाचे तरी असतात आणि तो कुणीतरी उद्या सकाळी दारात उभा असतो. आमच्या शाखेतून निवृत्त झालेले अण्णा जुन्या गोष्टी सांगायचे. पूर्वी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. सगळं जग नव्या वर्षाच्या स्वागताला बाहेर पडायचं आणि ही मंडळी लेजरमधले सात पैसे शोधत पहाट करायची. १९८९ पासून हे वर्ष ३१ मार्चला संपू लागलं. अण्णा म्हणायचे, त्यानंतरची पहिली ३१ डिसेंबरची रात्र त्यांनी घरी काढली, पण करायचं काय ते सुचेना. शेवटी घरखर्चाची वही काढून बसले आणि बाराच्या ठोक्याला तीन रुपयांचा फरक पकडला. बायको आठवडाभर बोलत नव्हती.

पण हे झाले आमचे स्वतःचे हिशेब. गिऱ्हाइकाचं काम संपवायची वेळ आली की आमच्यातला सुतारमामा जागा होतो. कर्ज देताना आम्ही माणसाला खुर्ची देतो, चहा देतो, पेन देतो. शेवटचा हप्ता भरून तोच माणूस 'माझे कागद' म्हणून उभा राहिला की मात्र आम्हाला तो दिसत नाही. त्याच्याकडून यायचं ते येऊन गेलेलं असतं. रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक असणार. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात तिनं सांगून टाकलं, की घरकर्जासारखं वैयक्तिक कर्ज फिटलं की तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं ३० दिवसांच्या आत परत करा. तुमच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू झाला आणि आमच्या तिजोरीतली जी पाकिटं महिना महिना सापडत नसत, ती हाक मारल्यासारखी पुढे येऊ लागली. हाच दर सुतारमामांना लावला असता तर सहा वर्षांचे माझे एक कोटी नऊ लाख पन्नास हजार निघाले असते. हिशेब मी दोनदा करून पाहिला आहे.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत लिहितो आहे, पण मला यातलं काही कळू लागलं ते आमच्या मांडववाल्या काकांमुळे.

आमच्या चाळीचं एक छोटं गणेशोत्सव मंडळ आहे. बँकेत आहे, बी.कॉम. आहे आणि निवडीच्या मीटिंगला उशिरा पोचलो, या तीन गुणांवर मी त्याचा खजिनदार झालो. लालबागमध्ये गणपती म्हणजे काय हे मी सांगायला नको. एकीकडे १९२० सालापासूनचा चिंचपोकळीचा चिंतामणी, दुसरीकडे १९३४ सालापासूनचा लालबागचा राजा, आणि मधे कुठेतरी आमचा. आमच्याकडे दर्शनाला येणारे निम्मे लोक रांग कुठून सुरू होते ते विचारायला आलेले असतात. ते विचारतात, जाता जाता हात जोडतात, आम्ही त्यांना प्रसाद देऊन योग्य रांगेला लावतो.

गणपती आणणं सोपं असतं. मुहूर्त असतो, उत्साह असतो, पोरं असतात. निरोपाच्या वेळी मुहूर्ताबरोबर समुद्राचंही ऐकावं लागतं. २०२५ साली साऱ्या मुंबईनं पाहिलं, लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला होता, पण भरतीमुळे आणि नव्या तराफ्यावर मूर्ती चढवता न आल्यामुळे विसर्जनाला रात्र झाली. लाखो माणसं टीव्हीसमोर बसून होती. माझी आई दिवसभर जेवली नाही. "त्याला पाण्यात ताटकळत ठेवून मी कशी जेवू?" म्हणाली.

आणि तरीही, नीट निरोप देणं म्हणजे काय हे आपल्याला गणपतीनंच शिकवलं आहे. त्यासाठी उत्तरपूजा आहे. आरती होते, हातावर दही ठेवतात, वाटेची शिदोरी देतात, आणि गुरुजी मूर्ती जागच्या जागी जराशी हलवतात. ती हलली की काम संपलं. मग 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून पुढची ऑर्डरही तिथल्या तिथे नोंदवायची. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक उत्सव चालू आहे असं आपण अभिमानानं सांगतो. पण तो इतकी वर्षं चालू राहिला, याचा अर्थ तितक्या वेळा तो व्यवस्थित संपलाही असणार. कुणीतरी बांबू मोजून परत दिले असतील, बत्तीवाल्याची बाकी भागवली असेल, वर्गणीची वही बंद करून सही केली असेल. त्या माणसाचं नाव कुठे कोरलेलं नसतं. बहुधा तो खजिनदार असतो.

आमचे काका हे मांडवाची उत्तरपूजा करणारे. विसर्जनाच्या मिरवणुकीत बाकीचे डेकोरेटर उरलेल्या पैशांसाठी अध्यक्षांच्या मागे मागे नाचत असतात. काका दिसत नाहीत. दोन दिवस मंडळाला घसा बरा करायला देतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. वासे, बांबू, पत्रे, ताडपत्र्या सगळं मोजून उतरवतात. आमचा उरलेला झालरीचा कपडा घडी करून आमच्या हवाली करतात, चार हात असला तरी. फुटलेले बल्ब पिशवीत घालून दाखवतात, म्हणजे त्यांचे पैसे का लावले ते कळावं. मग खड्डे बुजवतात. खड्डा राहिला तर पालिका मंडळाला दंड करते हे खरं, पण काका दंडासाठी बुजवत नाहीत. खडी घालून, पाणी मारून, धुमसानं ठोकून असे बुजवतात की पुढच्या वर्षी खुंट्या कुठे होत्या ते त्यांचं त्यांनाच शोधावं लागतं. त्यानंतर बिलाचा कागद येतो. अंदाज किती होता, वाढलं काय, कुणाच्या सांगण्यावरून वाढलं, उचल किती घेतली, बाकी किती. पैसे घेतले की पावतीवर एक रुपयाचं तिकीट लावून त्यावर आडवी सही आणि खाली स्वतःच्या हातानं 'भरून पावलो'. शेवटी ठरलेला प्रश्न, "काही राहिलं का?"

हा प्रश्न विचारणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीच्यांना भीती असते, की विचारलं तर खरंच काही निघायचं.

या काकांनी पाच वर्षांपूर्वी सामानासाठी छोटा टेम्पो घेतला, तेव्हा कर्ज आमच्याच शाखेतून झालं. फॉर्म मी भरला, चहा मी मागवला. २०२५ च्या जुलैत त्यांचा शेवटचा हप्ता गेला. आता बँकेनं दोन गोष्टी द्यायच्या. एक कर्ज फिटल्याचं पत्र, आणि दुसरा पस्तीस नंबरचा फॉर्म. तो ताडदेवच्या आरटीओत दिला की गाडीच्या आरसीवरचा बँकेचा बोजा उतरतो. टाइप करायला पंधरा मिनिटं, साहेबांच्या सहीला दोन.

काका जुलैअखेर आले. चाळीत ते मला 'अरे खजिनदारा' म्हणतात. लहानपणी मला खांद्यावर घेऊन त्यांनी राजाचं दर्शन घडवलेलं आहे. पण काउंटरसमोर ते मला 'साहेब' म्हणाले.

"साहेब, ते पत्र..."

"काका, आज सिस्टीम स्लो आहे. उद्या बघतो."

ऑगस्टमध्ये दोनदा आले. एकदा साहेब रजेवर होते आणि एकदा माझी जेवणाची सुट्टी होती. टेम्पो धंद्याचा असल्यामुळे त्या पाच हजारांच्या नियमात बसत नाही, असं मत आमच्या शाखेत पडलं, आणि ते पडल्यावर घाई उरली नाही. कागद कुठे हरवला नव्हता. माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्या ड्रॉवरला हँडलही आहे.

मग गणपती आले, गेले. तिसऱ्या दिवशी रात्री मांडव उतरला. दहा वाजून गेले होते. पोरं टेम्पोत सामान भरत होती. मी सहीसाठी खाली उतरलो तर काका चपला काढून मांडवाच्या मोकळ्या जागेत फिरत होते. सावकाश, पाय घासत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा उलटे.

"काका, काय हरवलं?"

"खिळे बघतो. सकाळी पोरं क्रिकेट खेळतील इथं. बॅटरीनं सगळे दिसत नाहीत, पायाला कळतात."

मीही चपला काढल्या. खजिनदार म्हणून नव्हे. चपला घालून उभं राहायची लाज वाटली. आम्ही दोघं फिरू लागलो. मला काही सापडलं नाही, काकांना अकरा खिळे आणि कुणाची तरी चांदीची बिंदली सापडली.

फिरता फिरता त्यांनी सांगितलं, की हे त्यांचं शेवटचं वर्ष. गुडघे ऐकत नाहीत. दसऱ्याला टेम्पो त्यांच्या हाताखालच्या पोराच्या नावावर करायचा होता. "एक तरी काम नीट हातावेगळं करावं म्हणतो," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून गिरणीचं बोलले. काका साचेखात्यात बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याआधीच्या शेवटच्या पाळीला ते कामावर होते. पाळी बदलताना पुढच्या माणसाला साचा कसा चाललाय, धागा कुठे तुटतोय, हे सांगून जायची रीत होती. त्या रात्री पुढचा माणूस नव्हता. "आठ-पंधरा दिवसांचं काम आहे, येऊच परत, म्हणून डबासुद्धा तिथंच ठेवला. संप मागे घेतला असं कुणी रीतसर सांगितलंच नाही रे आम्हाला. म्हणजे हिशेबानं मी अजून संपावरच आहे." आणि हसले. डबा ठेवला होता तिथे आता काचेचा टॉवर आहे. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत काकांचा अर्ज आहे. त्याचाही उद्या अजून उगवायचा आहे.

मी पावती घेतली. त्यांनी विचारलं, "काही राहिलं का?" मी "नाही" म्हणालो. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसालाच इतकं सरळ खोटं बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहाला शाखेत हजर झालो. शिपायाला वाटलं, आज इन्स्पेक्शन आहे. पत्र टाइप केलं, फॉर्मच्या दोन्ही प्रती भरल्या, साहेब खुर्चीत बसण्याआधी सह्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, "एवढी काय घाई?" मी म्हटलं, "सर, पायाला खिळा लागलाय." त्यांनी काळजीनं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं आणि सही केली.

काकांना फोन करून बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी चष्मा लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. असलं पत्र कुणी वाचत नाही. सगळी पत्रं सारखीच असतात, फक्त नाव आणि खाते नंबर बदलतो. काकांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग घडी घालून, मोठ्यानं नव्हे, माझ्याकडे वाकून विचारलं, "असलं पत्र गिरणीचं कोण देतं रे?"

'साहेब' गेला होता, 'रे' परत आला होता. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना ताडदेवला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. खिशातून त्यांनी पेढ्यांचा पुडा काढला, तो शाखेत वाटला, आणि साहेबांनाही जाऊन विचारून आले, "माझ्याकडून काही राहिलं नाही ना?" साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न ऐकला असावा. ते उभे राहिले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि मामांचे दोन हजार?"

हे मी वाचकांना सांगायचं टाळत होतो. कारागिराचे थोडे पैसे नेहमी मागे ठेवावेत, म्हणजे तो काम पुरं करायला येतो, हे आम्हा मध्यमवर्गीयांचं अर्थशास्त्र आहे. मी मामांचे दोन हजार २०१९ पासून मागे ठेवले होते. मी हँडलची वाट बघत होतो आणि बाकीच्या नावानं त्यांनीही मला एक-दोन शिव्या दिल्या असतील, असं मी धरून चाललो होतो. जमा-नावे शिकलेल्या माणसाला आपली नावे बाजू दिसायला सहा वर्षं लागली.

मी तिथल्या तिथे मोबाईलवरून पैसे पाठवले. पाच मिनिटांत मामांचा फोन. "अहो, कशाला एवढी घाई? मला वाटलं तुम्हाला अडचण असेल. समोर आलो तर मागितल्यासारखं होईल, म्हणून येत नव्हतो."

रविवारी सकाळी मामा आले. हँडल बसवलं. तीन स्टीलची आणि हे एक सोनेरी, कारण तो माल आता येत नाही. भुसा स्वतः झाडून काढला. मी चहा दिला आणि दारापर्यंत गेलेल्या मामांना मुद्दाम विचारलं, "मामा, काही राहिलं का?"

"छे, छे," म्हणाले आणि जिना उतरले.

दहा मिनिटांनी फोन वाजला. "अहो, माझा स्क्रू-ड्रायव्हर तुमच्या ओट्यावर राहिला. उद्या येऊन घेऊन जातो."

तो आम्ही चौथ्या ड्रॉवरमध्ये, चमच्याशेजारी ठेवला आहे.